ग्यासचं पाणी

घर भाड्यानं द्यायचंय की बॉयलर, हे माझ्या घरमालकांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पडेगावातल्या त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघायला मी गेले, तेव्हा त्यांनी माझं लग्न झालंय का ते विचारलं नाही, मटण खाता का ते विचारलं नाही, पगार किती तेही नाही. मला खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं आणि विचारलं, "आंगोळीला किती येळ लागतो तुमाला?"

एकट्या राहणाऱ्या बाईला कुणी परका माणूस असं विचारतो? मी चपला घालायला वळले. तेवढ्यात आतून त्यांची बायको, म्हणजे पुढे ज्यांना मी काकू म्हणू लागले त्या, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अवं, गिझरचं इचारत्यात ते. मनाला लावून घिऊ नका. समद्यांनाच इचारत्यात."

काकांनी अख्खी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात घालवली होती. मूळचे पाचोडचे, शाळा दहावीपर्यंत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी खाकी शर्ट अंगावरून उतरला नव्हता. सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी ते जिन्यानं वर यायचे आणि माझ्या गॅलरीतल्या गॅस गिझरच्या नळीला हाताची मागची बाजू लावून बघायचे. ही नळी म्हणजे धूर बाहेर नेणारी. भिंतीला धरून सरळ गच्चीच्याही वर गेलेली. तिच्याभोवती त्यांनी भट्टीला लावतात तो दगडी कापूस गुंडाळला होता आणि त्यावर पत्रा. कॉलनीतली पोरं म्हणायची, म्हाताऱ्यानं नळीला बंडी शिवलीय. काकांना त्याचा राग येत नसे. ते म्हणत, "थंडी तिलाबी वाजते. कुडकुडली की ती पानी धरते."

मला मात्र राग यायचा. सकाळी सहाला कुणी गॅलरीचं दार वाजवलं तर कुणालाही येईल. शिवाय मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दहावी पास माणसानं रोज सकाळी मला ज्वलनाचे धडे द्यावेत, हे मला फार झोंबायचं.

"धूर वर जातो ह्यो गैरसमज हाय, मॅडम," ते नळी चाचपत म्हणायचे. "गरम असंल तवर जातो. गार पडला की त्योबी माणसावानी घरातच बसतो."

एकदा मी वैतागून म्हणाले, काका, मला शिकवू नका, हाच माझा धंदा आहे. त्यावर ते खाली गेले आणि माठातल्या पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या घेऊन वर आले. माझ्या शेगडीची ज्योत मोठी केली आणि तांब्या तिच्यावर हातभर उंच धरला. बघता बघता तांब्याच्या बाहेरच्या अंगाला दव धरलं, थेंब झाले, थेंब ओघळून बुडाशी जमले आणि एक ज्योतीत पडून चर्रकन वाजला.

"तांब्या गळतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग पानी कुठून आलं?"

गॅस जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, हे समीकरण मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पोरांना संतुलित करायला लावते, चुकलं की मार्क कापते. पण त्यातलं पाणी हे खरोखरचं पाणी आहे, त्यानं हात ओला होतो, हे मला त्या दिवशी कळलं. चाळीस वर्षांची मी तिथं उभी होते आणि मला माझ्या पदवीची लाज वाटत होती. काका तांब्यातलं पाणी पिऊन खाली निघून गेले.

लोकांना वाटतं, अशा चक्रम माणसाच्या मागे काहीतरी दुःखाची गोष्ट असणार. कारखान्यात कुणी मेलं असेल, कुणी भाजलं असेल. मलाही तसं वाटून मी काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "काय बी नाय झालं. त्यांच्या बॉयलरवर कंदी काय झालंच नाय." तेवढंच कारण होतं. त्यांना आपलं काम येत होतं आणि ते करताना डोळे झाकायची सवय नव्हती. आपल्याकडे असल्या माणसाला वेडा म्हणायची पद्धत आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. तिच्यानंच माझं डोकं अजून तापतं.

घर जोडघर होतं. काका आणि त्यांचे थोरले भाऊ पाचोडहून एकत्र आले, एकत्र प्लॉट घेतला आणि मधली भिंत सामायिक ठेवून दोन घरं बांधली. त्या भिंतीतून एक विटांचं धुराडं वर जात होतं. दोन्ही घरांच्या मागच्या चुली त्यालाच जोडलेल्या. पुढे चुली गेल्या, थोरले भाऊ गेले, पलीकडे त्यांचा मुलगा राहू लागला. या पुतण्याचं गुलमंडीत कापडाचं दुकान होतं, हातात दोन अंगठ्या होत्या, आणि नुकतंच त्यानं घराच्या दर्शनी भिंतीला भारी फरशी लावून घेतली होती. बोअर आणि गच्चीवरची टाकी तेवढी दोघांत एकच राहिली होती, तीही काकांच्या बाजूला.

पुतण्यानं न्हाणीघरात गॅस गिझर बसवला. बसवणाऱ्यानं सांगितलं, नळी भिंतीतून बाहेर काढावी लागेल. पुतण्याला नव्या फरशीला भोक पाडायचं नव्हतं. त्यानं विचार केला, वडिलांनी बांधलेलं एवढं मोठं धुराडं आयतंच आहे, त्यात खुपसू नळी. आणि खुपसली.

काकांना कळलं तसे ते तडक गेले. मी गॅलरीतून ऐकत होते. "ते धुराडं लाकडाच्या जाळाचं हाय, बापू. त्यो जाळ भिंत तापवायचा. तुझ्या ग्यासचा धूर कोमट, त्यात निम्मं पानी. एवढ्या मोठ्या पोकळीत जाईल, गार व्हईल, भिंतीला पाझरंल. जुनी काजळी, चुना समदं भिजून खाली यील. मी आतून बारीक स्टीलची नळी सोडतो वरपर्यंत, तिला कापूस गुंडाळतो, खाली पानी जायला तोटी ठिवतो, वर टोपी. एक दिसाचं काम. माझ्या पैशानं करतो."

माझ्या पैशानं करतो, असं ते म्हणाले आणि तिथंच चुकले. या गावात कुणी सामायिक भिंतीत आपल्या पैशानं काही बसवतो म्हणाला, तर ऐकणाऱ्याला एकच अर्थ कळतो. पुतण्या हसून म्हणाला, "काका, भिंत निम्मी माझी हाय. आज नळी घालताल, उद्या म्हनताल भिंतच माझी." काकांनी नळी आणून ठेवलीच होती. ती गच्चीवर आडवी पडून राहिली.

थंडी पडली आणि पुतण्याच्या न्हाणीघराच्या भिंतीवर ओल आली. आधी ताटाएवढी, मग चटईएवढी, पिवळट तपकिरी, कडेला काळी. आता गंमत बघा. त्याच भिंतीला लागून वरच्या मजल्यावर माझं न्हाणीघर. म्हणजे पाणी कुणाचं? अर्थात भाडेकरणीचं. पुतण्याची बायको अंगणात उभी राहून सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, एकटी बाई, पण पाणी पाच जणांचं सांडते. मी दोन बादल्यांत आंघोळ करते. हे मला चारचौघांत सांगावं लागलं, याहून मोठा अपमान माझा आजवर कुणी केला नाही.

मग मिस्त्री आला. माझ्या न्हाणीघराची फरशी उखडली. खाली सगळं कोरडं ठणठणीत. त्यानं जोड बदलले, पुन्हा फरशी बसवली. ओल वाढतच राहिली. पंधरा दिवसांनी तो परत आला आणि पुन्हा फरशी उखडली. तो भला माणूस होता. डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, पानी किदर से आरा, अपने को समजमेंच नै आरा. पाइप तो पूरा सूखा है."

काका दारात उभे होते. ते म्हणाले, "नळाचं पानी न्हाईच ते. ग्यासचं पानी हाय."

मिस्त्री हसला. पुतण्या इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलनीत झालं, म्हातारा म्हणतो गॅसमधून पाणी निघतं. दूधवाला काकांना विचारायचा, काका, सिलिंडर लावून शेत भिजवू का? आणि हे विचारणाऱ्या प्रत्येकाच्या घरी रोज गार पातेलं शेगडीवर चढत होतं, त्याला बाहेरून दव धरत होतं आणि रोज कुणीतरी ते फडक्यानं पुसत होतं.

त्याच थंडीत पुतण्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर बाळंतिणीचं सगळं रीतसर सुरू झालं: खोलीत शेकशेगडी, ओव्याची धुरी, आणि सकाळी कढत पाण्याचं तासभर न्हाणं. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून न्हाणीघराच्या खिडकीत जुन्या लुगड्याचे बोळे कोंबलेले, दाराखाली पोतं. आत गिझर एकसारखा चालू. आधी लेक न्हायची, मग तिथंच बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचे.

काकू डिंकाचे लाडू घेऊन बघायला गेल्या आणि येऊन सहज म्हणाल्या, पोरीचं डोकं लई दुखतंय, उलटीवानी होतंय. बाळ मात्र शहाणं हाय, न्हालं की चार चार तास उठत नाय, प्यायलाबी नाय.

काका जेवत होते. हातातला घास तसाच राहिला. "डोकं कंदी दुखतं? इचारलं का?"

"न्हाल्यावर म्हनत व्हती."

"रोज?"

"व्हय. रोज न्हाल्यावर. अशक्तपना हाय, दुसरं काय. दृष्ट काढली त्यांनी."

काका ताटावरून उठले. हात न धुता पलीकडे निघाले. मी कॉलेजातून येत होते, त्यांनी मला फाटकातच धरलं. "चला. तुमी शिकल्याल्या हात. तुमचं ऐकत्याल."

पुढचं मला लिहायला नको वाटतं, पण लिहिते. अंगणात पुतण्या, त्याची बायको, शेजारचे दोन-चार जण जमले. काका सांगत होते. धुराड्यात काजळीचा आणि चुन्याचा चिखल होऊन नळीचं तोंड बुजत चाललंय, धूर माघारी न्हाणीघरात येतोय, त्याला वास नाय, रंग नाय, तो माणसाला झोपवतो, पोरीला झोपवंल, बाळाला आधी झोपवंल. बोलताना त्यांचा खरकटा हात हवेत हलत होता. खरोखर वेड्यासारखे दिसत होते ते.

पुतण्या माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमी सायन्स शिकवता. सांगा बरं. ग्यासमधून एवढं पानी निघतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "निघतं. पण इतकं निघत असेल का, ते मोजल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

शास्त्राच्या दृष्टीनं वाक्यात काही चूक नाही. म्हणूनच त्याचा मला जास्त संताप येतो. दोनदा फरशी उखडून घेतलेली, पाणी सांडणारी म्हणून बदनाम झालेली मी, मला वाटलं, आता मी जोरात बोलले तर म्हणतील, स्वतःच्या अंगावरचं झटकतेय. म्हणून मी तोलून मापून बोलले. आणि पुतण्यानं तेवढंच उचललं. "ऐकलं का? मॅडमच म्हनत्यात, सांगता येत नाय. काका, घरी जा. बाळंतीन हाय घरात, अभद्र बोलू नका."

परत येताना काका मला एवढंच म्हणाले, "हातात खडू नसला की तुमाला बोलता येत नाय, मॅडम."

घरी येऊन मी कागद घेतला. एक किलो गॅस जळला तर दीड किलोच्या वर पाणी. एका सिलिंडरामागे वीस लिटरहून जास्त. दोन घागरी. हिशेबाला पाच मिनिटं लागली. तो कागद घेऊन मी पलीकडे गेले. पुतण्याच्या बायकोनं तो हातातही घेतला नाही. म्हणाली, जाऊ द्या ना मॅडम, कशाला विषय वाढवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या न्हाणीघराचं पाणी बंद झालं.

टाकीवरून पलीकडे दोन नळ्या जात, एक स्वयंपाकघराला, एक न्हाणीघराला. काकांनी न्हाणीघराचा कॉक बंद केला, त्याची मूठ काढून खाकी शर्टाच्या खिशात टाकली आणि टाकीशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. पाणी नाही तर गिझर पेटत नाही. लेकीला न्हायला घालायचं तर स्वयंपाकघरात, मोठ्या खिडकीखाली, शेगडीवर हंडा तापवा आणि उचलून न्हाणीघरात न्या.

बाळंतिणीचं पाणी तोडलं. आमच्याकडे याहून वाईट काही बोलायचं असेल तर मला माहीत नाही. पुतण्याची बायको दोन वेळा अंगणात येऊन शिव्याशाप द्यायची. तुझ्या तोंडात मरताना कुणी पाणी घालणार नाही, हेही म्हणून झालं. कॉलनीतले चार प्रतिष्ठित समजवायला गच्चीवर आले. काकांनी प्रत्येकाला एकच सांगितलं, "नळी पडलीय बघा तिथं. आज बसवू द्या, आत्ता पानी सोडतो." ते खाली उतरून म्हणाले, पोरीला वेठीला धरून भिंत मागतोय. पोलिसात जायच्या धमक्या झाल्या. काकू त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. माझ्याकडे येऊन रडल्या, "माज्या म्हायेरापोत्तर गेलं हे. तोंड दाखवायला जागा ठिवली नाय या मानसानं." तरी त्या गच्चीवर त्यांचं ताट पोचवत होत्या, न बोलता.

आणि काही घडलं नाही. हाच तर सगळा घोळ आहे. कुणी बेशुद्ध पडलं असतं, रुग्णवाहिका आली असती, तर काका देवमाणूस ठरले असते. त्यांनी वेळेवर हात घातला, म्हणून घडलं काहीच नाही, आणि काहीच न घडल्याचा पुरावा कुठून आणायचा?

तीन वर्षांनी, काका वारल्यावर, पुतण्यानं आपल्या बाजूनं ते धुराडं फोडलं. गवंड्यानं नळीच्या तोंडाशी साचलेला काळा दगडासारखा गोळा दोन हातांनी उचलून बाहेर ठेवला. पुतण्या आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती, म्हणून आपण तो गिझर पुढे फार वापरलाच नाही. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. चहाचा कप हातात होता, तो त्याच्या अंगावर भिरकावला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण हे फार पुढचं. बाळाचं बारसं झालं ते जन्मानंतर सव्वा महिन्यानं, तेव्हा कॉक बंदच होता. काका-काकूंना बोलावणं नव्हतं. मला होतं, कारण माझ्यावरचा पाणी सांडण्याचा आळ तोवर जुना झाला होता आणि नवा गुन्हेगार सापडला होता. पाळणा झाल्यावर लेकीनं मला आतल्या खोलीत बोलावलं. बाळ दुपट्यात हातपाय झाडत होतं. तिनं दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, पानी बंद झालं ना, त्या दिवसापासून माझं डोकं दुखायचं थांबलं. हीसुद्धा नीट प्यायला लागली. मला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "इतके दिवस तो माणूस शिव्या खातोय."

"कुनाला बोलू? पप्पा म्हनले असते, तुला कुनी शिकवलं." तिनं पदराखालून एक झाकलेली वाटी काढली. बारशाच्या घुगऱ्या होत्या. "आजोबांना द्या. मी दिल्या म्हनून सांगू नका कुनाला."

मी ती वाटी घेऊन तरातरा गच्चीवर गेले. काका खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. माझ्या हातातली वाटी बघून त्यांनी पहिलं विचारलं, "गिझर काढला का?"

"नाही."

"मंग कॉक बंदच."

मी त्यांना सगळं सांगितलं. डोकं दुखायचं थांबलं ते, बाळ पितंय ते, लेकीला सगळं ठाऊक होतं ते. मला वाटलं होतं, त्यांना काही तरी वाटेल. ते घुगऱ्या खात राहिले, एकेक दाणा नीट चावत. माझाच तोल गेला. मी म्हणाले, काका, तिला माहीत होतं आणि ती गप्प बसली. तुमच्या तोंडाला काळं फासलं जात असताना गप्प बसली. तुम्हाला राग येत नाही तिचा?

"लेकुरवाळी हाय ती. बापाच्या दारात हाय. तिनं कसं बोलावं?" त्यांनी वाटी रिकामी केली आणि माझ्यापुढे धरली. माझ्याकडे बघितलं, अगदी साधं, कामातली शंका विचारावी तसं.

"तुमी का नाय बोललात, मॅडम?"

मी वाटी घेतली.